गोठवलेल्या आवृत्त्या
‘सी-डॅक’ या सरकारी संगणन संस्थेच्या चेन्नई केंद्राने 2007 मध्ये मराठीसह अनेक भारतीय भाषांत वापरता येणारी ‘बॉस लिनक्स’ ही कार्यप्रणाली, म्हणजे संगणकाचा सारा कारभार सांभाळणारी पायाभूत आज्ञावली, प्रसृत केली. ‘बॉस’ ही ‘डेबियन’ या लिनक्स प्रणालीवर आधारलेली असल्याने तिच्याकडे डेबियनचा सावधपणाही वारशाने आला: स्थिर आवृत्ती एकदा गोठवली की तिच्यातील पायथॉनसारख्या प्रोग्रॅमिंग भाषेला केवळ दुरुस्त्या मिळतात, नवी आवृत्ती मिळत नाही. याला आळस म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण प्रणालीची स्वतःची काही साधनेच त्या भाषेत लिहिलेली असतात आणि भाषा बदलली की ती अडखळू शकतात. उदाहरणार्थ, पायथॉन 2.0 ऑक्टोबर 2000 मध्ये आली, तरी 2002 मधील रेड हॅट लिनक्स 7.3 ही दुसरी एक प्रणाली मूळ पायथॉन म्हणून 1.5.2 हीच आवृत्ती बाळगून होती व नवी आवृत्ती तिच्याशेजारी वेगळ्या नावाने ठेवलेली होती. पायथॉन 2 चा अधिकृत आधार 1 जानेवारी 2020 रोजी संपला. डेबियनने मात्र ती 2023 च्या बाराव्या आवृत्तीतच वगळली.