कादवाकाठचा गळ आणि सरकारी पहारा

वणीचे नाव निघाले की सप्तशृंगीचा गड डोळ्यांपुढे उभा राहतो. ते योग्यच आहे. परंतु गडाच्या पायथ्याशी पडणारे पाणी पुढे कोठे जाते, याची विचारपूस फारशी कोणी करीत नाही. दिंडोरी तालुक्यातील ओढेनाले, उनंदा व कोळवण यांसारख्या लहान नद्या कादवेस मिळतात, आणि कादवा निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर येथे गोदावरीस जाऊन भेटते. आपल्या भोई समाजाची वस्ती अशाच पाण्याच्या कडेकडेने झालेली आहे. पालखी-मेणे वाहण्याचा उद्योग आगगाडीने व मोटारीने नेला. गळ, पाग आणि जाळे मात्र हाती राहिले. या गळाची व त्यावर पहारा ठेवणाऱ्या सरकारी माणसाची गाठ कशी पडत गेली, हे ज्ञातिबांधवांपुढे मांडावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मासा राखावा ही कल्पना आपणांस सरकारने शिकविली, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. देवाच्या डोहात गळ टाकावयाचा नाही हा दंडक आपल्याकडे कायद्यापेक्षा जुना आहे. महाडजवळच्या वाळणकोंडीचे मोठाले मासे वरदायिनी देवीच्या नावाने आजवर सुखरूप राहिले आहेत. तेथे ना शिपाई होता ना दंडाची पावती. माशांविषयीचे ज्ञानही आपल्याच घरचे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दख्खनच्या नद्यांतील माशांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हा कित्येक जातींना त्याने इकडचीच बोलीतील नावे दिली. खुदरी, कोळस, बोगुट ही नावे लॅटिन पेहरावात आजही जगभरच्या ग्रंथांतून वावरत आहेत. ती मुळात कोणाच्या तोंडची, हे आपल्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

कायद्याचा जन्म मात्र दुसऱ्याच मंडळींच्या हातून झाला. १८७३ साली दोन पुस्तके निघाली. एक, सरकारी मत्स्यतज्ज्ञ फ्रान्सिस डे याचा हिंदुस्थान व ब्रह्मदेशातील गोड्या पाण्याच्या माशांवरील अहवाल. दुसरे, मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी थॉमस याचे गळाच्या शिकारीवरील पुस्तक. बारीक आसाची जाळी, ओढ्यात घातलेले विष, पावसाळ्यात वर चढणाऱ्या माशांची कत्तल यांविरुद्ध दोघांचाही सूर होता. पुढे १८९७ चा मासेमारी कायदा झाला. त्याने पाण्यात सुरुंगाची दारू उडविणे व विष कालविणे हा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा ठरविला, आणि जाळ्याचा आस ठरविण्याचा व ठराविक पाण्यात दोन वर्षांपर्यंत मासेमारी बंद ठेवण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस दिला. गंमत अशी की, तक्रार करणाऱ्यांत थॉमससारखे हौसेखातर गळ टाकणारे साहेब पुढे होते, आणि नियमांचा भार पडला तो पोटासाठी जाळे टाकणाऱ्यावर. तथापि दारू व विष यांविषयीचे कलम आमच्या मते सर्वस्वी न्याय्य आहे. डोहात सुरुंग उडविणारा उपरा एका दुपारी निघून जातो. त्या डोहावर वर्षभर जगणारे घर मात्र तेथेच राहते.

संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर १९६० चा महाराष्ट्राचा मासेमारी कायदा आला. पुढे कादवेच्या खोऱ्यात करंजवण, पालखेड, वाघाड, ओझरखेड ही धरणे उभी राहिली, वाहत्या नदीचे साठलेले पाणी झाले, आणि मासेमारी ठेक्यावर व सहकारी संस्थांच्या हाती गेली. या काळात आपल्या माणसाची गाठ पडे ती मत्स्यव्यवसाय खात्याशी. ते खाते बीज सोडी, ठेका देई, परवाना तपाशी. भांडणे होत, पण मासा हा धरण्यासाठीच आहे याविषयी दोन्ही बाजूंचे एकमत असे.

जंगलखात्याच्या शिपायाशी गाठ पडली ती खालच्या अंगास. नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा विसाव्या शतकाच्या आरंभीचा. त्याच्यामागे गाळ साचत गेला, बेटे झाली, पाणवनस्पती माजली, आणि हिवाळ्यात दूरदेशीची बदके हजारोंनी उतरू लागली. १९८६ साली येथे अभयारण्य जाहीर झाले आणि २०२० च्या जानेवारीत रामसर यादीत समावेश झालेली महाराष्ट्रातील पहिली पाणथळ जागा म्हणून त्याचे नाव देशभर झाले. पक्ष्यांच्या दृष्टीने हे भाग्यच होय. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘वन्य जीव’ या शब्दात मासाही येतो, आणि त्या कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमाप्रमाणे अभयारण्यातून कोणताही वन्य जीव परवान्याशिवाय काढून नेता येत नाही. गळ असो की जाळे, भेद नाही. त्याच कलमाखाली एक स्पष्टीकरण आहे : परवानगीने होणारी गुरांची चराई यात धरावयाची नाही. म्हणजे काठावरची म्हैस पाण्यात उतरू शकते, तिचा धनी गळ घेऊन उतरू शकत नाही. हे स्पष्टीकरण लिहिताना गवळ्याची आठवण कोणास तरी झाली. भोयाची झाली नाही.

अशा रीतीने एकाच नदीच्या दोन अंगांस दोन कायदे झाले. वणी-दिंडोरीकडे परवाना असलेला मनुष्य संगमावर नातलगांकडे गेला आणि सवयीने गळ टाकून बसला, तर तो गुन्हेगार ठरू शकतो. पाण्यावर रेघ ओढता येत नाही, आणि काठावरचा फलक वाचण्याइतका उजेड पहाटे नसतो. जाळ्यात अनाहूत आलेले कासव ही दुसरी अडचण. आपल्या नद्यांतील मऊ पाठीच्या कासवांस कायद्याचे कडक संरक्षण आहे. ते सापडताच पाण्यात सोडावे, घरी आणू नये, हे तरुणांस बजावून ठेवणे बरे.

वनरक्षकाची बाजूही ऐकली पाहिजे. जाळ्यात पाणकावळे गुदमरतात, घरट्यांच्या दिवसांत माणसाच्या वर्दळीने पक्षी अंडी टाकून उठतात. माशांचेही तसेच. १९३८ साली देवळालीच्या परिसरातून शास्त्रज्ञांनी एका चिमुकल्या माशाची नवी जात नोंदविली. आज ती अत्यंत संकटग्रस्त गणली जाते, आणि नांदूर मध्यमेश्वरच्या महत्त्वाच्या कारणांत तिचा उल्लेख होतो. नाशिक जिल्ह्याचा हा मासा नाहीसा झाला तर शिपायाचे काही जात नाही. जाईल ते आपलेच.

हा पेच सोडविण्याचा एक प्रयत्न नागपूर जिल्ह्याच्या सीमेवर पेंच नदीच्या तोतलाडोह जलाशयावर झाला. मध्य प्रदेश सरकारने राष्ट्रीय उद्यानातील विस्थापितांस दिलेले मासेमारीचे परवाने सर्वोच्च न्यायालयापुढे आले. १९९७ च्या मार्चमधील निकालात न्यायालयाने ३०५ कुटुंबांचे परवाने रद्द केले नाहीत. छायाचित्राचे ओळखपत्र, ठरलेली वाट, काठावर चूल पेटविण्यास मनाई अशा अटी मात्र घातल्या. निकाल सर्वांस रुचला असे नाही, तरी पोट आणि अरण्य ही दोन्ही एका कागदावर लिहिली गेली, हे लहान नव्हे.

त्यानंतर २००६ चा वनहक्क कायदा आला. त्याच्या तिसऱ्या कलमात पाणवठ्यांतील मासे व अन्य उत्पन्न घेण्याचा सामुदायिक हक्क स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे, आणि ‘वनजमीन’ या शब्दात अभयारण्येही धरली आहेत. आपल्यासारख्या, अनुसूचित जमातींत न मोडणाऱ्या लोकांस मात्र १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा वहिवाट-वास्तव्याचा आधार दाखवावा लागतो. प्रत्येक दावा मान्य होईलच असे नव्हे. वनजमिनीवर वास्तव्य व उपजीविका अवलंबून असल्याची अट कडक आहे. परंतु पुराव्यांत गॅझेटियर, सरकारी दप्तर यांजबरोबर वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही चालते. तेव्हा ज्या घरी ठेक्याच्या जुन्या पावत्या, परवाने किंवा संस्थेची सभासदपत्रे असतील त्यांनी ती पेटीत नीट ठेवावीत. आणि घरातील आजोबांना कोणत्या डोहास कोणते नाव होते, कोणाचा पाग कोणत्या वळणावर पडे, हे आठवत असेल, तर ते या उन्हाळ्यातच कागदावर उतरवून घ्यावे, खाली त्यांची सही किंवा अंगठा घ्यावा, आणि तारीख घालावयास विसरू नये.