दयानंद बांदोडकर : खाण उद्योजक ते लोकनेता

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या मागणीमुळे पोर्तुगीज अमलाखालील गोव्यातून लोहखनिजाची निर्यात वाढली. पेडणे येथे १९११ साली जन्मलेले दयानंद बांदोडकर खाण व्यवसायात संपन्न झाले. त्यांच्या दातृत्वामुळे बहुजन समाजाशी त्यांचे नाते जुळले. या विश्वासाच्या बळावर महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष विजयी होऊन १९६३ मध्ये ते गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात मात्र विलीनीकरणाची बाजू ३४,०२१ मतांनी पराभूत झाली. तथापि त्याच वर्षीच्या निवडणुकीत जनतेने पुन्हा त्यांनाच सत्ता दिली. यावरून त्यांचा जनाधार विलीनीकरणाच्या प्रश्नापुरता मर्यादित नव्हता. खेडोपाडी निघालेल्या मराठी प्राथमिक शाळा व १९६४ चा कूळ कायदा यांत तो रुजला होता, असे म्हणता येईल.