रासायनिक केशसरलीकरण व वऱ्हाडातील केशनिगा

कुरळे वा लहरदार केस रासायनिक विक्रियेने कायमचे सरळ करणे म्हणजे रासायनिक केशसरलीकरण होय. जुन्या व अधिक रूढ पद्धतींत ही विक्रिया अल्कधर्मी माध्यमात घडते. तीमुळे केस फुगतो, त्याचे आवरण सैल होते व सच्छिद्रता वाढते. म्हणून प्रक्रियेनंतरच्या निगेचा मुख्य हेतू केसाला पुन्हा सौम्य अम्लधर्मी स्थितीत आणणे व तेथे राखणे हा असतो. अमरावती व अकोला या वऱ्हाडातील जिल्ह्यांत या निगेशी पाण्याचा प्रश्न निगडित आहे. कारण पूर्णा नदीच्या खोऱ्यातील बऱ्याच भागाचे भूजल खारे आहे. केस सरळ करण्याची रासायनिक पद्धत येथे अलीकडची असली, तरी अल्काशी येथील लोकजीवनाचा परिचय फार जुना आहे.

केसाची रचना व पीएच मूल्य : केस मुख्यत्वे केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या गाभ्यातील प्रथिनशृंखला गंधकाच्या डायसल्फाइड बंधांनी एकमेकींस जोडलेल्या असतात व केसाचा आकार पुष्कळसा या बंधांवर अवलंबून असतो. गाभ्याभोवती कौलांप्रमाणे एकावर एक बसलेल्या खवल्यांचे आवरण असते आणि त्याच्या पृष्ठावर स्नेहाम्लाचा अतिशय पातळ थर असतो. या थरामुळे निरोगी केसावरून पाणी ओघळून जाते. अम्लता मोजण्याची पीएच मापनश्रेणी डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये मांडली. तीत ७ हा अंक उदासीन अवस्था दर्शवितो आणि प्रत्येक अंकागणिक अम्लता दसपटीने बदलते. केसाच्या संपर्कातील पाण्याचे पीएच मूल्य सु. ४ ते ६ असताना केस सर्वांत कमी फुगतो व खवले मिटलेले राहतात. ते १० च्या पुढे गेल्यास गंधकाचे बंधही तुटू लागतात. केस ही मृत ऊतके असल्याने त्याची झालेली हानी त्वचेच्या जखमेप्रमाणे भरून येत नाही.

अल्कांचा प्रदेश : वऱ्हाडातील बुलढाणा जिल्ह्यात असलेल्या लोणार सरोवराचे पाणी तीव्र अल्कधर्मी असून त्यातील सोडाक्षार पूर्वी काढले जात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फज्लने आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना लोणारच्या परिसरात काच व साबण यांना लागणारी द्रव्ये मिळतात, असे नमूद केले आहे. दुसरा अल्कप्रदेश म्हणजे अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्टा. त्याचे क्षेत्र सु. ४,७०० चौ. किमी. मानले जाते. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा इ. तालुक्यांतील अनेक गावे त्यात मोडतात. येथील खोल गाळाच्या थरांतील पाण्यात सोडियमाची क्लोराइडे व बायकार्बोनेटे, तसेच काही ठिकाणी कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची लवणे आढळतात. विहीर अधिक खोल केल्याने गोडे पाणी लागेलच, असे या पट्ट्यात नसते.

पारंपरिक केशप्रक्षालन : साबण सर्वत्र मिळू लागण्यापूर्वी केस शिकेकाई, रिठा, काळी माती, डाळीचे पीठ व ताक यांनी धुतले जात. शिकेकाई व रिठा यांतील सॅपोनिने फेस करून मळ काढतात, परंतु त्यांचे द्रावण साबणाप्रमाणे अल्कधर्मी नसते. शिकेकाईचा काढा सौम्य अम्लधर्मी असतो. ताकातील लॅक्टिक अम्लाचाही असाच उपयोग होतो. न्हाण्यापूर्वी तेल चोळण्याच्या प्रथेलाही पुढे शास्त्रीय आधार मिळाला. मुंबईतील रेळे व मोहिले या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात धुण्यापूर्वी लावलेले खोबरेल केसांतील प्रथिनांची झीज कमी करते, मात्र खनिज तेल व सूर्यफुलाचे तेल यांत हा गुण आढळत नाही, असे दाखवून दिले. पीएच ही संकल्पना ठाऊक नसतानाही या रीतींनी केस त्याला मानवणाऱ्या मर्यादेत राहत असे.

साबण व शांपू : मुंबई–नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाल्यावर वऱ्हाडचा कापूस मुंबईस जलद जाऊ लागला आणि कारखानी माल येथील बाजारपेठांत येऊ लागला. पुढे त्यात साबणाचीही भर पडली. साबणाच्या द्रावणाचे पीएच मूल्य सु. ९ ते १० असते. शिवाय कठीण पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी संयोग होऊन त्याचा अविद्राव्य चोथा केसांवर बसतो. खाऱ्या विहिरीच्या पाण्यात साबणाला फेस न येणे व न्हाल्यावर केस चिकट लागणे या जुन्या अनुभवाचे हे कारण होय. संश्लेषित प्रक्षालकांपासून बनविलेल्या शांपूंत हा दोष फारसा नसतो. १९८० नंतरच्या दशकात लहान पुड्यांतून विक्री सुरू झाल्यावर शांपू खेड्यांतही पोहोचला.

सरलीकरणाचा विकास : अमेरिकेतील कृष्णवर्णीय संशोधक गॅरेट मॉर्गन यांनी १९१३ च्या सुमारास केस सरळ करणारे मलम विक्रीस आणले. नंतर प्रचारात आलेल्या सोडियम हायड्रॉक्साइडयुक्त मलमांचे पीएच मूल्य १२ ते १४ असते. त्यांच्यामुळे डायसल्फाइड बंधांपैकी काहींचे लँथिओनीन बंधांत रूपांतर होते व ते पूर्ववत होत नाहीत. दुसरा मार्ग गोडार्ड व मायकेलिस यांच्या १९३४ मधील केराटिनविषयक संशोधनातून खुला झाला. त्यात थायोग्लायकॉलिक अम्लाच्या अल्कधर्मी द्रावणाने बंध तोडतात व नंतर हायड्रोजन पेरॉक्साइडाने ते नव्या आकारात पुन्हा जोडतात. प्रथम केस कुरळे करण्यासाठी वापरलेली ही विक्रिया १९९० नंतर जपानमध्ये तापविलेल्या पट्ट्यांची जोड देऊन सरलीकरणासाठी वापरली जाऊ लागली. भारतात ती रिबाँडिंग व स्मूदनिंग या नावांनी महानगरांत आणि नंतर अकोला, अमरावतीसारख्या शहरांत रूढ झाली.

प्रक्रियेनंतरची निगा : सरळ केलेल्या केसावरील स्नेहाम्लाचा थर बराचसा नाहीसा झालेला असतो. असा केस पाणी लवकर शोषतो व लवकर गमावतो. ओला असताना तो अधिक ताणला जातो व सहज तुटतो. त्याच्यावर ऋण विद्युत् भाराची स्थाने वाढत असल्यामुळे कठीण पाण्यातील कॅल्शियमही त्यावर अधिक साचते. सौम्य अम्लधर्मी शांपू, धन भारित घटक असलेले कंडिशनर, धुण्यापूर्वी तेल, ओल्या केसांसाठी रुंद दातांची फणी आणि पुढील खेपेस केवळ मुळाशी वाढलेल्या नव्या केसांवरच प्रक्रिया करणे, हे निगेचे सर्वमान्य नियम होत.

हे नियम गोडे पाणी गृहीत धरतात. अकोला शहरास काटेपूर्णा व अमरावतीस ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी मिळते. तेथे केस सरळ करून घेतलेली स्त्री खारपाण पट्ट्यातील गावी हातपंपाच्या पाण्याने न्हाते, तेव्हा तीच निगा अपुरी ठरते. पाण्यातील बायकार्बोनेट लिंबाच्या थोड्या थेंबांची अम्लता लगेच निष्प्रभ करते. लिंबाचा निव्वळ रस लावणेही इष्ट नाही. त्याचे पीएच मूल्य सु. २ असल्याने टाळूचा दाह होऊ शकतो. पाणी उकळल्याने केवळ तात्पुरते काठिण्य जाते, खारेपणा जात नाही. अखेरचे खंगाळणे साठविलेल्या पावसाच्या वा नळाने आलेल्या धरणाच्या पाण्याने करणे, हा त्यातल्या त्यात सोपा उपाय होय. पावसाचे पाणी मृदू असून त्याचे पीएच मूल्य सु. ५.६ असते. वान, शहानूर इ. धरणांवरील प्रादेशिक नळयोजनांमुळे पट्ट्यातील अनेक गावांना गोडे पाणी मिळू लागले असून त्यांचे मुख्य महत्त्व अर्थातच पिण्याच्या पाण्यासाठी आहे.

धोके : अम्लधर्मी सरलीकारके निर्धोक असतात, असा समज बरोबर नाही. केराटिन उपचार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काही प्रक्रियांत फॉर्माल्डिहाइड बाहेर पडते. त्याला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये मानवी कर्करोगकारकांत गणले. त्याऐवजी वापरात आलेल्या ग्लायॉक्सिलिक अम्लयुक्त द्रव्यांच्या वापरानंतर वृक्कांना तीव्र इजा झाल्याची उदाहरणे २०२३ व २०२४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. यावरून पीएच मूल्य हे केसाच्या निगेचे उपयुक्त माप असले, तरी ते शरीराच्या सुरक्षिततेचे माप नव्हे, हे स्पष्ट होते. सरळ केलेला केस निगेने टिकविता येतो, पण मूळ स्थितीस नेता येत नाही. मूळ केस मुळाशी नव्याने वाढतो, तेवढाच परत मिळतो.