घोषणा कधी होणार? गेमिंग कन्सोलच्या तारखांचे तर्कशास्त्र आणि मराठवाड्याची प्रतीक्षा

१७ सप्टेंबर २०२०. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या ध्वजारोहणास अद्याप काही तासांचा अवधी होता. भारतीय वेळेनुसार रात्री दीड वाजता सोनी कंपनीचा कार्यक्रम इंटरनेटवर सुरू झाला आणि त्याच्या अखेरीस, वर्षभर ज्यावर पैजा लागत होत्या ती तारीख जाहीर झाली. प्लेस्टेशन ५ अमेरिका, जपान आदी मोजक्या देशांत १२ नोव्हेंबरला आणि उर्वरित जगात १९ नोव्हेंबरला येणार होते.

नीट परीक्षा होऊन अवघे चार दिवस लोटले होते. लातूर आणि नांदेड या दोन शहरांत बारावीच्या मुलांचे सारे वर्ष त्या एका परीक्षेभोवती फिरते. ‘पेपर झाला की घेऊ’ हे घरोघरी दिले जाणारे वचन. त्यामुळे येथील मुलांपुढे प्रश्न एकच होता: ‘उर्वरित जगात’ भारत येतो काय?

प्रश्न भाबडा नव्हता. प्रत्येक देशातील विक्रीची तारीख तेथील आयात नियमांच्या अधीन राहील, अशी पुस्ती घोषणेला जोडलेली होतीच. १९ नोव्हेंबर आला आणि गेला. भारतातील दुकानांत यंत्र आले नाही.

पण तारखेचा हा लपंडाव जुना आहे, आणि तो समजून घेण्यासाठी आधी कंपन्या मौन का पाळतात हे पाहावे लागते.

१९८३ साली अमेरिकेतील ऑस्बोर्न या संगणक कंपनीचे दिवाळे निघाले. पुढील यंत्राची वाच्यता वेळेआधी झाली, ग्राहकांनी चालू यंत्र घेणे थांबवले आणि हाती पैसा उरला नाही, असे कारण तेव्हापासून सांगितले जाते. कंपनीचे इतर घोटाळेही होते आणि या एकाच कारणावर सर्व अभ्यासकांचे एकमत नाही. तरीही ‘ऑस्बोर्न परिणाम’ हा शब्दप्रयोग रूढ झाला तो झालाच. नवे जाहीर केले की जुने पडून राहते, ही धास्ती आजही प्रत्येक कंपनीच्या मनात असते.

मौनाची दुसरी टोकाची तऱ्हा सेगाने दाखवली. सेगा सॅटर्न हे यंत्र अमेरिकेत २ सप्टेंबर १९९५ रोजी येणार, असे सांगितले गेले होते. ११ मे १९९५ रोजी लॉस एंजेलिस येथील पहिल्या ई-थ्री प्रदर्शनात कंपनीने अचानक जाहीर केले की यंत्र आजच दुकानांत पोहोचले आहे, किंमत ३९९ डॉलर. माल मात्र मोजक्याच दुकानसाखळ्यांना मिळाला होता. डावलले गेलेले दुकानदार संतापले; एका मोठ्या खेळणी-साखळीने सॅटर्न ठेवणेच बंद केले. गेम तयार करणाऱ्यांचीही तयारी झालेली नव्हती. त्याच दिवशी सोनीचे स्टीव्ह रेस मंचावर आले, ‘२९९’ एवढा आकडा उच्चारला आणि उतरून गेले. शंभर डॉलरचा फरक सांगायला तेवढे पुरेसे होते.

सोनीने पुढे घोषणेचाच शस्त्रासारखा वापर केला. सेगाचे ड्रीमकास्ट जपानमध्ये नोव्हेंबर १९९८ मध्ये आले. अमेरिकेत ते ९ सप्टेंबर १९९९ रोजी यायचे होते. मधल्या काळात, मार्च १९९९ मध्ये, सोनीने आपल्या पुढच्या यंत्राची ओळख करून दिली. ते प्लेस्टेशन २ जपानच्या बाजारात उतरले ४ मार्च २००० रोजी, म्हणजे वर्षभराने. पण ‘थोडे थांबू’ हा विचार ग्राहकाच्या मनात रुजला होता. जानेवारी २००१ अखेर सेगाने ड्रीमकास्ट बंद करत असल्याचे जाहीर केले आणि कन्सोलचा व्यवसायच सोडला. पैशाची चणचण हे त्याचे मोठे कारण खरे. परंतु न विकल्या जाणाऱ्या यंत्रानेही विकल्या जाणाऱ्या यंत्राचा घास घेता येतो, हे त्या वर्षाने दाखवले.

कधी घोषणा भागधारकांसाठीही होते. मार्च २०१५ मध्ये निन्टेन्डोचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी मोबाइल गेमसाठीच्या भागीदारीची वार्ता दिली, तेव्हाच ‘एनएक्स’ हे एक सांकेतिक नावही उच्चारले. निन्टेन्डो स्वतःची यंत्रे सोडणार नाही, एवढेच त्यांना सांगायचे होते. त्यातून निघालेला स्विच जगाने पाहिला तो ऑक्टोबर २०१६ मध्ये. तोवर इवाता हयात नव्हते.

या साऱ्यातून तर्क करणाऱ्यांची एक पद्धत घडली. प्लेस्टेशनची वर्षे मांडावीत: १९९४, २०००, २००६, २०१३, २०२०. अंतर सहा-सहा, मग सात-सात वर्षांचे. त्यावर कंपनीचे आर्थिक वर्ष ठेवावे आणि सरकारी दप्तरे चाळावीत. प्लेस्टेशन ५ च्या विकसकांसाठीच्या यंत्राचा विचित्र आकार २०१९ मध्ये ब्राझीलच्या नोंदणी कार्यालयातील कागदांमुळेच बाहेर आला. भारतात भारतीय मानक ब्युरोच्या याद्यांवर अशीच नजर असते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही रीत ओळखीची वाटेल: राजाज्ञा हाती नसली की जकातीच्या नोंदी वाचायच्या.

आता भारत. येथे दोन तारखांचा तर्क करावा लागतो, जगाची आणि आपली. एक्सबॉक्स ३६० अमेरिकेत नोव्हेंबर २००५ मध्ये आला, भारतात सप्टेंबर २००६ मध्ये. एक्सबॉक्स वनलाही दहाच महिने लागले. प्लेस्टेशन ४ मात्र १५ नोव्हेंबर २०१३ नंतर दोन महिन्यांच्या आत, ६ जानेवारी २०१४ रोजी ३९,९९० रुपयांना आला. म्हणूनच २०२० मध्ये आशा वाढली होती.

त्यापूर्वीच्या पिढीला मात्र घोषणेची वाट पाहण्याचे कारणच नव्हते. निन्टेन्डोचा फॅमिकॉम जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आला. लातूर जिल्हा त्याच्या जेमतेम वर्षभर आधी, ऑगस्ट १९८२ मध्ये, उस्मानाबादमधून वेगळा झाला होता. भारतीय घरांत फॅमिकॉम शिरला तो नव्वदच्या दशकात आणि बहुतांशी नकलांच्या रूपाने. मायक्रो जीनियस, मीडिया, लिटल मास्टर अशी नावे, पिवळ्या ‘कॅसेट’, त्यांवर छापलेला ‘९९९९९९ इन १’ हा धादांत खोटा आकडा, आणि आत तेच मारिओ, कॉन्ट्रा, बदकांची शिकार. या यंत्रांची घोषणा कोणी केली नाही. ती जत्रेतल्या पाळण्यासारखी एके दिवशी बाजारात दिसली. मराठवाड्यातील भारनियमनाच्या वर्षांत तर कन्सोल कधी येणार यापेक्षा वीज कधी येणार, हाच तर्क अधिक उपयोगी होता.

जुने यंत्र हीच आपली खरी बाजारपेठ होती, याचा उत्तम पुरावा नांदेडपासून पावणेतीनशे किलोमीटरवरील हैदराबादेत सापडतो. तेथील अरोना टेक्नॉलॉजीजचा ‘हनुमान: बॉय वॉरियर’ हा गेम २००९ साली आला, तो प्लेस्टेशन २ साठी. प्लेस्टेशन ३ तेव्हा दोन वर्षांहून जुने झाले होते.

२०२० च्या विलंबामागे काय होते? ऑक्टोबर २०१९ मध्ये दिल्लीतील एका व्यक्तीने ‘पीएस५’ या चिन्हासाठी सोनीच्या आधी अर्ज केल्याचे उघड झाले होते, आणि साऱ्या विलंबाचे खापर त्यावर फोडले गेले. सोनीने हरकत घेतली. पुढे तो अर्ज मागे घेतला गेला. पण कारण तेच होते, असे कंपनीने कधी म्हटले नाही, आणि आयात नियमांचे कारण घोषणेतच नमूद होते. महासाथीने जगभर तुटवडा होता, हेही विसरू नये. खटकणारी गोष्ट वेगळी: एक्सबॉक्सचे नवे यंत्र १० नोव्हेंबर २०२० रोजी, जगाबरोबर त्याच दिवशी, भारतात आले होते. म्हणजे वेळेवर येणे अशक्य नव्हते.

अखेर १२ जानेवारी २०२१ रोजी आगाऊ नोंदणी खुली झाली आणि काही मिनिटांत संपली. २ फेब्रुवारी रोजी ४९,९९० रुपयांचे यंत्र ग्राहकांच्या हाती पडू लागले. ज्यांनी नोव्हेंबरच्या भरवशावर जुना प्लेस्टेशन ४ विकून टाकला होता, त्यांची दिवाळी कन्सोलविना गेली होती.

निन्टेन्डोच्या चाहत्यांची कथा याहून कोरडी आहे. मे २०२४ मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी आर्थिक वर्षाच्या आत घोषणा करू, असे स्वतः सांगितले. तर्क करणाऱ्यांनी महिनोन्‌महिने दिवस मोजले, १६ जानेवारी २०२५ रोजी स्विच २ ची चित्रफीत आली आणि ५ जूनला विक्री सुरू झाली. त्या दिवसाच्या देशांच्या यादीत भारत नव्हता.