वाऱ्याने भरलेला काटा

तीन-चार वर्षांच्या मुलाचे एखादे बोट हळूहळू सुजते. मधला भाग जाड, टोके निमुळती. सूत गुंडाळलेल्या चातीसारखे. ताप बेताचा, दुखणेही फारसे नाही. आतून पोखरून फुगलेल्या अशा हाडाला युरोपातील मध्ययुगीन वैद्यकात ‘स्पायना व्हेंटोझा’ म्हणत. स्पायना म्हणजे काटा, व्हेंटोझा म्हणजे वाऱ्याने भरलेला. कारण चुकले, पण निरीक्षण चोख होते!

२४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला आणि वाऱ्याची जागा जंतूने घेतली. १८९५ मध्ये राँटजेन यांना क्ष-किरण सापडले. (त्यांचे सर्वांत गाजलेले पहिले छायाचित्रही हाताचेच, त्यांच्या पत्नीच्या.) आता फुगवट्याचे कोडे उलगडले. आतले हाड झिजत जाते आणि हाडावरचे आवरण बाहेरून नव्या हाडाचे पातळ थर चढवत राहते.

पण हे लहान मुलांनाच का व्हावे? लहानपणी बोटांच्या हाडांतही रक्त तयार करणारा तांबडा मगज असतो. तेथे रक्त भरपूर, म्हणून रक्तातून येणारे जंतूही पोचतात. वय वाढते तसा तेथे चरबीचा पिवळा मगज येतो, आणि हा विकार विरळा होतो.

गंमत अशी, की याच तांबड्या मगजामुळे दुसराही एक आजार बोटे सुजवतो. १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी नोंदवल्या. या सिकलसेल आजारात ताठर पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात, मगजाचा रक्तपुरवठा तुटतो. साधारण सहा महिन्यांच्या वयानंतर, अनेकदा दोन्ही हातापायांना एकदम सूज येते. दुखते फार, तापही येतो, पण बहुधा आठ-पंधरा दिवसांत सूज ओसरते. क्ष-किरण चित्र मात्र जंतुसंसर्गासारखेच दिसू शकते.

विदर्भात आणि नंदुरबारकडे क्षय आणि सिकलसेल दोन्ही आढळतात, म्हणून आपल्याला हा फरक महत्त्वाचा. सिकलसेलला क्षय समजले, तर मूल महिनोन्‌महिने नको ती औषधे घेते. क्षय ओळखायचा राहिला, तर हाड झिजतच जाते. शिवाय सिकलसेलच्या मुलांत हाडाचा खरा जंतुसंसर्गही अधिक होतो, त्यामुळे एक निदान झाले म्हणून दुसरे आपोआप बाद होत नाही. सिकलसेलची प्राथमिक चाचणी रक्ताच्या थोड्या थेंबांवर होते. तिचा निकाल पक्का करायला मात्र हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून पाहावे लागतात. बोटाची सूज उतरून गेलेली असली, तरी ही तपासणी करता येते.