खड्ड्यातली शिवराई

मागच्या वेळी म्हटलं होतं की पुढचा भाग सातवाहनांवर. तो आहेच, फक्त सुरुवात आमच्या परसबागेतून करावी लागतेय.

आमचं घर नाशिकला, गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला. आईला कुंडीतला कढीपत्ता जमिनीत लावायचा होता. मी घरून काम करतो, म्हणजे आईच्या लेखी रिकामाच असतो. शनिवारी सकाळी कुदळ हातात आली. गुडघाभर खोल गेल्यावर खणकन आवाज झाला. निघाला एक चपटा दगड, मधे घासून घासून खोलगट झालेला. त्याच्या आसपास खापराचे पाच-सहा तुकडे, त्यातला एक आतून काळा आणि बाहेरून तांबडा. आणि हिरवी पडलेली, वेड्यावाकड्या कडेची तांब्याची एक चकती.

मला इतिहासाचं वेड आहे हे तुम्हाला माहीत आहे. चाळीस भाग झाले मी तुम्हाला शहाणपण शिकवतोय. आणि अशा वेळी मी काय केलं? सगळं बादलीत टाकलं आणि नळाखाली ब्रशने घासलं. चकतीला चिंच लावली, आई देवाची भांडी घासते तशी. फोटो काढले ते त्यानंतर. तोपर्यंत आजीने दगडाला हळदकुंकू वाहून तो तुळशीपाशी मांडलाही होता. बाबा एवढंच म्हणाले, "कुणाला बोलू नकोस. सरकार घर ताब्यात घेईल."

माझ्या डोक्यात मात्र एकच नाव फिरत होतं, जोगलटेंभी. नाशिकजवळ, गोदावरी-दारणा संगमापाशी हे गाव आहे. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. थोडाथोडका नाही, तेरा हजारांहून जास्त नाणी, एकेक साधारण दोन ग्रॅमचं. नाणी क्षहरात क्षत्रप नहपानाची. एका बाजूला त्याचा चेहरा, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि मजकूर ग्रीक, ब्राह्मी, खरोष्ठी अशा तीन लिप्यांत. गंमत पुढे आहे. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर, नहपानाच्या तोंडावरच म्हणा ना, गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला आहे. वितळवून नवी पाडत बसला नाही. राजा बदलला हे बाजारात प्रत्येक माणसाच्या हातात जाऊन सांगायचं, तर याहून स्वस्त उपाय कुठला?

एच. आर. स्कॉट यांनी या साठ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. नाण्यांवरचे चेहरे एकमेकांशी जुळत नाहीत, कुठे तरुण, कुठे म्हातारा, हे त्यांनी नोंदवलं. आणि ही नाणी ज्या व्यवहारांत फिरली, त्यांचा हिशेब आपल्या पांडवलेण्यांत कोरलेला आहे. दहा नंबरच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात सांगतो की त्याने भिक्षूंसाठी ३००० कार्षापण ठेव म्हणून ठेवले. त्यातले २००० विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, उरलेले १००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, व्याजातून लेण्यातल्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळायचे. फिक्स्ड डिपॉझिटच की! मग तीन नंबरच्या लेण्यात या. तिथे गौतमीपुत्र, राज्याच्या अठराव्या वर्षी, गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा देतो की आजवर उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनांचं शेत आता भिक्षूंना द्यावं. म्हणजे जावयाचं शेत गेलं आणि सासऱ्याच्या नाण्यांवर ठसा बसला. आणि गोवर्धन गाव आजही आहे, गंगापूरच्या शेजारी. आमच्या घरापासून स्कूटरवर पंधरा मिनिटं.

आता सांगा, माझी झोप उडणार नाही तर काय होणार?

त्यात हसमुख सांकलियांनी गंगापूरच्या परिसरात गोदावरीकाठी अश्मयुगीन दगडी हत्यारं शोधली होती, आणि १९५०-५१ मध्ये शां. भा. देवांबरोबर नाशिकच्या मातीच्या गढीवर उत्खनन केलं होतं. तिथे थरावर थर मिळाले, तळाला ताम्रपाषाणयुग आणि वर येत येत थेट मराठेशाही. काळ्या-तांबड्या खापराचा तुकडा हातात धरून मी रात्री दोन वाजेपर्यंत या थरांबद्दल वाचत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी एका निवृत्त प्राध्यापकांकडे गेलो. नाव सांगू नको म्हणालेत. त्यांनी चकती भिंगाखाली धरली आणि हसले. "शिवराई आहे. 'छत्रपति'मधला 'पति' वाचता येतोय. बाकीचं तू चिंचेने खाल्लंस." शिवराई शिवाजी महाराजांपासून सुरू झाली, पेशवाईत ढिगांनी पाडली गेली आणि इंग्रजी अमलातही बराच काळ चालत राहिली. तेव्हा नुसती शिवराई म्हटल्याने फार काही कळत नाही. मग त्यांनी खापर हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि विचारलं, "हे शिवराईच्या वर होतं की खाली?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आमच्या धंद्यात सांगायचं तर फाइल हातात आहे, पण ती कुठल्या फोल्डरमधून उचलली हेच मी पुसून टाकलं होतं. जोगलटेंभीची नाणी निदान स्वतः बोलतात, त्यांच्या अंगावर दोन-दोन राजांच्या खुणा आहेत. खापर असं बोलत नाही. ते कुठल्या थरात, कुणाच्या शेजारी पडलं होतं, एवढीच त्याची ओळख.

सर म्हणाले, दायमाबाद आठव. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात प्रवरेकाठी, १९७४ साली एका शेतकऱ्याला झुडपाचं मूळ खणताना चार ओतीव मूर्ती मिळाल्या. बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, मिळून साठ किलोंहून जास्त वजन. महाराष्ट्रात असं दुसरं काही नाही. मागून तिथे मोठं उत्खननही झालं. पण मूर्ती रीतसर उत्खननात थरातून निघालेल्या नव्हत्या, त्यामुळे त्या उत्तर-हडप्पा काळातल्या की बऱ्याच नंतरच्या, यावर अभ्यासकांचा वाद झाला. मूळ खणणाऱ्याचा त्यात काय दोष? त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मला मात्र सगळं माहीत होतं. घरी येईपर्यंत तेच टोचत होतं.

घरी येऊन खड्ड्यात उतरलो, या वेळी खुरपी आणि मोजपट्टी घेऊन. एक भिंत सरळ तासली. दगड निघाला तिथून वीतभर खाली काहीतरी निळं दिसलं. दुधाच्या पिशवीचा कोपरा.

म्हणजे पिशवीच्या वरची सगळी माती पिशवीनंतर पडलेली. बाबांना विचारलं. थोडा वेळ आठवून म्हणाले, "हां, बंगला बांधला तेव्हा बागेत भर टाकली होती. दोन ट्रॉल्या." कुठून आणल्या? "कुठलातरी पाया खणत होते रे. ट्रॅक्टरवाला स्वस्तात देत होता."

कुठला पाया? गावठाणातला? नदीकाठचा? ट्रॅक्टरवाला आता कुठे असेल? बाबांना खरंच आठवत नाही. मी तीनदा विचारलं, चौथ्यांदा ते चिडले.

राहिला घर ताब्यात जायचा प्रश्न. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. काय सापडलं, अंदाजे किती किमतीचं, कुठे आणि कोणत्या तारखेला. न कळवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि निधी बेवारस ठरला व दोघांत वेगळा करार नसेल, तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश, जागेच्या मालकाला एक चतुर्थांश. कायद्यात घराबद्दल चकार शब्द नाही. शिवराईला बाजारात दहा रुपयांहून जास्त मिळतात, तेव्हा कळवणं आलंच. आपला वाटा पाव हिस्सा आहे हे ऐकल्यावर बाबांचा विरोध जरा मावळला.

अर्ज मी मराठीतच लिहिला. 'कुठे सापडलं' याच्यापुढे आधी आमचा पत्ता लिहिला, मग खोडून लिहिलं: "आमच्या बागेतील भरावाच्या मातीत, दुधाच्या पिशवीच्या वर. माती मूळ कुठली ते माहीत नाही." सोबत मोजमापं आणि खड्ड्याच्या भिंतीचा फोटो जोडला. पोच मिळाली आहे, पुढचं काही कळलेलं नाही.

खापराचे तुकडे कागदी पिशवीत घालून तारीख टाकून ठेवलेत. दगड तुळशीपाशीच आहे, आजी द्यायला तयार नाही. खड्डा उघडा आहे आणि कढीपत्ता अजून कुंडीत. आई रोज विचारते, कधी बुजवतोस?