निमंत्रणाचा अधिकार

इंग्लंडात दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात व्यावसायिक स्नूकरपटूंची 'चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स' नावाची जी स्पर्धा भरते, तिच्यात प्रवेश मिळावा म्हणून खेळाडूला अर्ज करावा लागत नाही, पात्रताफेऱ्यांचे दिव्यही करावे लागत नाही. गेल्या वर्षभरात त्याने एखादे प्रतिष्ठित विजेतेपद संपादन केले असले की निमंत्रण त्याच्या घरी चालत येते, आणि तसे केले नसेल तर त्याची पूर्वीची कीर्ती कितीही मोठी असो, ती येथे फारशी उपयोगी पडत नाही. सोळांपैकी काही जागा उरल्याच, तर तेवढ्या जागतिक क्रमवारीवरून भरल्या जातात. हा दंडक आज इतका स्वाभाविक वाटतो की, कर्तृत्वाच्या मागोमाग निमंत्रण आपसूक यावे एवढी साधी गोष्ट पदरात पडण्यासाठी या खेळाला किती दीर्घकाळ वाट पाहावी लागली, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

स्नूकरचा जन्मच मुळी निमंत्रितांच्या मेळाव्यात झाला. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत, म्हणजे नागपूर ही ज्याची राजधानी होती त्या मध्यप्रांतात, नेव्हिल चेंबरलेन या तरुण इंग्रज लष्करी अंमलदाराने बिलियर्ड्सच्या मेजावरील 'ब्लॅक पूल' या डावात आणखी रंगीत चेंडू घालून हा खेळ सिद्ध केला, आणि पुढे उटकमंडच्या क्लबात त्याचे नियम लिहून लावण्यात आले, अशी परंपरागत हकिकत आहे. उतारवयात, १९३८ साली, 'द फील्ड' या नियतकालिकाला पत्र लिहून स्वतः चेंबरलेनने तिला दुजोरा दिला. अंमलदारांची मेस काय किंवा साहेबलोकांचा क्लब काय, दोन्ही स्थळे अशी की सभासदाच्या ओळखीवाचून तेथे कोणालाही पाऊल टाकता येत नसे, आणि ही ओळखीपाळखीची रीत खेळाबरोबर समुद्र ओलांडून विलायतेलाही गेली.

तेथे १९२७ साली जो डेव्हिस याच्या खटपटीने पहिले जागतिक अजिंक्यपद भरले, बर्मिंगहॅममधील अंतिम सामन्यात त्याने टॉम डेनिसचा पराभव केला, आणि त्याच्या वाट्याला आलेली बक्षिसाची रक्कम होती अवघे साडेसहा पौंड. १९४६ सालापर्यंत डेव्हिसने हे अजिंक्यपद पंधरा वेळा जिंकले आणि अपराजित राहूनच तो त्यातून निवृत्त झाला. परंतु खेळावरची त्याची हुकमत त्यानंतरही सुटली नाही. ज्या पुरुषाने या खेळाला प्रतिष्ठा दिली, त्याच्याच छायेत नव्या रोपांना ऊन मिळेनासे झाले, असे म्हणावेसे वाटते, कारण पन्नाशीच्या दशकाच्या आरंभानंतर कित्येक वर्षे व्यावसायिकांच्या मंडळीत नवा गडी जवळजवळ आलाच नाही. १९५७ नंतर जागतिक अजिंक्यपदच बंद पडले. १९६४ साली ते पुन्हा सुरू झाले तेही विद्यमान विजेत्या जॉन पुलमनला कोणीतरी आव्हान द्यावे आणि त्याने ते स्वीकारावे, अशा संकुचित स्वरूपात. १९६९ साली बाद पद्धतीच्या फेऱ्या आल्या तेव्हा कोठे या पदाला खुल्या स्पर्धेचा अर्थ प्राप्त झाला.

त्याच वर्षी बीबीसीने रंगीत दूरचित्रवाणीचा प्रभाव दाखवण्यासाठी 'पॉट ब्लॅक' हा कार्यक्रम आरंभिला, आणि मूठभर निमंत्रित खेळाडूंचे एकेका फ्रेमचे ते सामने घरोघर पोहोचून त्यांनी स्नूकरला जे लोकप्रियत्व दिले ते कोणीही नाकारणार नाही. तथापि कोणाला बोलवावे हा निर्णय अखेर कार्यक्रम योजणाऱ्यांच्या मर्जीचाच राहिला. खेळाडूची योग्यता कागदावर मुक्रर करणारी जागतिक क्रमवारी पहिल्यांदा जाहीर झाली ती १९७६ साली, आणि तीही केवळ जागतिक अजिंक्यपदातील कामगिरीच्या आधारे. या पार्श्वभूमीवर १९७८ साली लंडनमधील वेम्बली येथे 'चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स' हे नाव प्रथम ऐकू आले. रे रियर्डनने अंतिम सामन्यात अॅलेक्स हिगिन्सला ११–९ असे हरवले. १९८० साली डग माउंटजॉयने जॉन व्हर्गोवर १०–८ असा विजय मिळवला. आणि स्पर्धा थांबली. माझ्या मते तिची कल्पना काळाच्या पुढे होती. विजेतेपदेच जेव्हा बोटांवर मोजण्याइतकी होती, तेव्हा विजेत्यांचा निराळा दरबार भरवण्याला पुरेसा अर्थ येत नव्हता.

तो अर्थ यायला तेहतीस वर्षे जावी लागली. २०१० साली बॅरी हर्न यांनी व्यावसायिक स्नूकरचा कारभार हाती घेतला, तत्पूर्वीच्या हंगामात क्रमवारीच्या स्पर्धा उण्यापुऱ्या सहा होत्या. चीनपासून जर्मनीपर्यंत नवनव्या ठिकाणी स्पर्धा भरू लागल्या, विजेत्यांची संख्या वाढली, आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये कॉव्हेंट्री येथे हर्न यांच्याच मॅचरूम संस्थेने या नावाचे पुनरुज्जीवन केले. सोळा खेळाडूंचे चार गट पाडायचे. एका गटाचा निकाल एकाच दिवसात लावायचा, म्हणजे दुपारी चार फ्रेम आधी जिंकणाऱ्याने संध्याकाळी पुन्हा मेजाशी उभे राहून सहा फ्रेमसाठी झुंजायचे. आणि अंतिम सामना प्रथम दहा फ्रेम जिंकणाऱ्याचा. येथील विजयाने क्रमवारीत एका गुणाचीही भर पडत नाही, हे मला या स्पर्धेचे सर्वांत मोठे भूषण वाटते, कारण त्यामुळे पुढल्या हिशेबाची चिंता न करता खेळाडू केवळ समोरच्या विजेत्याला जिंकण्यासाठी खेळतो. अर्थात पहिल्याच वर्षी विजेत्याला लाख पौंड मिळाले, ही गोष्टही लहान नव्हे.

ते लाख पौंड रॉनी ओ'सलिव्हनने स्टुअर्ट बिंगहॅमला १०–८ असे नमवून नेले. पुढे २०१४, २०१८ आणि २०२२ सालीही तोच विजयी झाला. परंतु माझ्या मनात घर करून राहिला आहे तो २०१९ चा अंतिम सामना. जड ट्रम्प ९–८ असा पुढे होता, आणि अठराव्या फ्रेममध्ये गुणांचे अंतर इतके वाढले होते की मेजावरचे उरलेले सर्व चेंडू खिशात घालूनही नील रॉबर्टसनला ती फ्रेम जिंकता आली नसती. अशा वेळी प्रतिस्पर्ध्याचा मार्ग चेंडूआड अडवून त्याच्याकडून चूक घडवणे आणि दंडाचे गुण मिळवणे एवढाच उपाय उरतो. बहुतेक खेळाडू तेथे हस्तांदोलन करून मोकळे होतात. रॉबर्टसनने तो उपाय केला, ती फ्रेम जिंकली आणि सामनाही १०–९ असा जिंकला. त्याच वर्षी महिलांची विश्वविजेती रिअॅन इव्हान्स हिलाही निमंत्रण होते आणि माजी विश्वविजेत्या शॉन मर्फीशी ती ४–३ अशी केवळ एका फ्रेमने हरली. क्लबाच्या उंबऱ्याशी स्त्रियांना थांबवणारा जमाना ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्या दुपारचे मोल निराळे सांगायला नको.

भारताचा या दरबाराशी संबंध निकटचा आला तो २०१३ सालीच. कॉव्हेंट्रीच्या आधी महिनाभर दिल्लीत झालेल्या 'इंडियन ओपन' स्पर्धेत मुंबईचा आदित्य मेहता अंतिम फेरीत पोहोचला; क्रमवारीच्या स्पर्धेत तेथवर पोहोचणारा तो पहिला भारतीय. चीनच्या डिंग जुनहुईने त्याला ५–० असे हरवले. तो सामना आदित्यने जिंकला असता, तर पुनरुज्जीवित स्पर्धेच्या पहिल्याच वर्षी विजेत्यांच्या यादीत एक भारतीय नाव येण्याचा संभव होता. चेंबरलेनच्या जबलपुरी मेजापासूनचे अंतर मनात आणले म्हणजे ती हुकलेली संधी अधिकच रुखरुख लावते.

डिंगच्या मागून त्याचे अनेक देशबांधव मात्र या वाटेने आले. २०२४ च्या ऑक्टोबरात, व्यावसायिक मंडळीत दीड दशकाहून अधिक काळ काढल्यानंतर, शियाओ ग्वोडोंगने वूहान येथे आपले पहिले क्रमवारी-विजेतेपद मिळवले आणि त्या बळावर पुढच्याच महिन्यात बोल्टनमध्ये भरलेल्या 'चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स'चे निमंत्रण मिळवून तो थेट अंतिम सामन्यापर्यंत गेला. तेथे एकोणपन्नास वर्षांच्या मार्क विल्यम्सने त्याला १०–६ असे हरवले. विल्यम्सलाही हे निमंत्रण जुन्या विश्वविजेतेपदांमुळे नव्हे, तर त्याआधीच्या वर्षभरातील विजयामुळेच आले होते.